कुत्री, मांजरे आणि परग्रह

कोणत्याही बऱ्यापैकी ग्रंथालयात दोन कप्पे असे असतात की, त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल अशी शंकाही कोणास येत नाही. एका कप्प्यात कुत्र्यामांजरांविषयीची पुस्तके असतात. कोणी आपल्या कुत्र्याचे चरित्र लिहिलेले असते, कोणी मांजरीच्या बाळंतपणाची हकिकत सांगितलेली असते, तर कोणा शास्त्रज्ञाने या प्राण्यांच्या वागणुकीची वर्षानुवर्षांची निरीक्षणे नोंदवून ठेवलेली असतात. दुसऱ्या कप्प्यात ज्यूल व्हर्न, एच. जी. वेल्स, कारेल चापेक, ओलाफ स्टेपल्डन अशा लेखकांच्या विज्ञानकादंबऱ्या असतात. पहिला कप्पा घरगुती, दुसरा आकाशाएवढा. पहिल्याचा वाचक हळवा समजला जातो, दुसऱ्याचा स्वप्नाळू. आणि साहित्याच्या पंक्तीत दोघांनाही बहुधा शेवटचे पान मिळते.

हे दोन कप्पे बरोबरीने वाचावेत, आज यातले एक तर उद्या त्यातले एक असे आलटून पालटून वाचावेत, असे सुचविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. कारण वरवर पाहता कितीही दूरचे वाटले, तरी दोन्हींचा विषय मुळात एकच आहे. तो म्हणजे माणसाचे नसलेले मन आणि त्याच्याशी पडलेली माणसाची गाठ. पहिल्या कप्प्यात ते मन चुलीपाशी अंगाचे मुटकुळे करून झोपलेले असते. दुसऱ्या कप्प्यात ते प्रयोगशाळेत जन्म घेते किंवा समुद्रातून वर येते. पहिला कप्पा आपल्याला नीट पाहावयास शिकवितो, दुसरा आपल्याला जाब विचारतो. आणि यांपैकी एकट्याने काम भागत नाही, हेच येथे सांगावयाचे आहे.

घरातले परके

विज्ञानकथेच्या लेखकापुढची सर्वांत मोठी अडचण कोणती? यान कसे उडवावे ही नव्हे. जे माणूस नाही त्याच्या डोळ्यांनी जग कसे दिसत असेल, हे कसे कल्पावे, ही खरी अडचण. पुष्कळ कथांतला परग्रहवासी हा हिरवा रंग फासलेला शेजारीच निघतो. तो आपल्यासारखाच रागावतो, आपल्यासारखाच राज्ये जिंकू पाहतो.

या रोगावरचा उतारा पहिल्या कप्प्यात आहे. याकोब फॉन उक्सक्यूल या जीवशास्त्रज्ञाने १९३४ साली प्राण्यांच्या व माणसांच्या निरनिराळ्या जगांविषयी एक छोटेसे सचित्र पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात एकाच खोलीची तीन चित्रे आहेत. माणसाच्या खोलीत टेबल, खुर्च्या, पुस्तकांचे फडताळ, दिवा, ताटल्या असे सर्व काही अर्थपूर्ण आहे. कुत्र्याच्या खोलीत बसावयाच्या जागा, खाण्याची भांडी आणि वावरावयाची जमीन तेवढी उरते; पुस्तकांचे फडताळ असून नसल्यासारखे. माशीच्या खोलीत तर दिवा आणि खाण्याच्या वस्तू यांपलीकडे फारसे काही नाहीच. खोली एक, जगे तीन! परग्रहाची सफर याहून निराळी ती काय असावयाची?

लोरेन्झ यांची पुस्तके याच जातीची. कॉनराड लोरेन्झ या ऑस्ट्रियन शास्त्रज्ञाने १९४९ मध्ये प्राण्यांच्या सहवासाविषयी आणि १९५० मध्ये खास कुत्र्याविषयी अशी दोन पुस्तके लिहिली. १९७३ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. कुत्र्याच्या काही जाती कोल्ह्यापासून निघाल्या असाव्यात असे त्यांनी त्या पुस्तकात मांडले होते. पुढे त्यांनीच ते मत सोडून दिले. कुत्रा हा लांडग्याचा वंशज, हे आता निश्चित झालेले आहे. तरीही शेपटीची ठेवण, कानांची हालचाल, दोन कुत्री समोरासमोर आल्यावर होणारी ती संथ प्रदक्षिणा हे सारे त्यांनी ज्या बारकाव्याने टिपले आहे, ते वाचल्यानंतर आपल्या गल्लीतले कुत्रे पूर्वीसारखे दिसत नाही.

मात्र येथेच एक धोक्याची खूणही आहे. हेच लोरेन्झ १९३८ साली नाझी पक्षाचे सभासद झाले होते, आणि पाळीव प्राण्यांत जशी अवनती होते तशी ती सुधारलेल्या माणसांतही होते, असे प्रतिपादन करणारे लेखन त्यांनी त्या काळात केले. उत्तरायुष्यात त्याबद्दल त्यांनी खेद व्यक्त केला. परंतु मुद्दा असा की, पाहणारा डोळा तीक्ष्ण असला म्हणजे न्यायबुद्धीही जागी असतेच असे नाही. म्हणूनच दुसऱ्या कप्प्याची गरज पडते.

मुकी सामग्री

आरंभीच्या विज्ञानकादंबऱ्यांत कुत्री-मांजरे येतात ती प्रयोगाची सामग्री म्हणून. व्हर्नच्या १८६५ च्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीत माणसे पाठविण्याआधी तोफेच्या गोळ्यात एक मांजर आणि एक खार बसवून तो उडविला जातो. गोळा समुद्रातून बाहेर काढून उघडतात तो मांजर सुखरूप, आणि खारीचा पत्ता नाही! प्रवासात मांजराने तिचा फराळ केलेला असतो. पुढच्या, म्हणजे १८७० च्या भागात 'सॅटेलाइट' नावाचा कुत्रा उड्डाणाच्या धक्क्याने जखमी होऊन मरतो. त्याचे शव यानाबाहेर टाकतात. पण ते मागे न राहता यानाच्या जोडीनेच प्रवास करू लागते. व्हर्नला यातले यंत्रशास्त्र गंमतीचे वाटते. आजच्या वाचकाला मात्र खिडकीबाहेरून सोबत करणारा तो मेलेला कुत्रा सहजासहजी विसरता येत नाही.

वेल्सने ही गंमत थांबविली. त्याच्या १८९७ च्या अदृश्य माणसाच्या कादंबरीत ग्रिफिन स्वतःवर प्रयोग करण्यापूर्वी एका पांढऱ्या मांजरीला अदृश्य करतो. सगळी मांजर नाहीशी होते. डोळ्यांच्या मागचा चकाकणारा पडदा आणि नखे तेवढी रेंगाळतात, आणि रिकाम्या जागेतून तिचे ओरडणे ऐकू येत राहते. मांजराच्या डोळ्यांत प्रकाश परतविणारा असा पडदा खरोखरच असतो. वेल्स जीवशास्त्राचा विद्यार्थी होता. पण त्याहून मोठी गोष्ट ही की, ग्रिफिन माणसांशी पुढे कसा वागणार आहे हे त्या मांजरीने वाचकाला आधीच सांगितलेले असते. १८९६ च्या 'डॉक्टर मोरोचे बेट' मध्ये तर शस्त्रक्रियेने पशूंची माणसे बनविण्याचा उद्योगच चालतो. त्यातला कुत्र्यापासून बनविलेला माणूस शेवटपर्यंत इमानी राहतो. माणुसकीचा जो गुण डॉक्टरला घालता आला नाही, तो त्या प्राण्यात मुळातच होता, असे म्हणावयास हरकत नाही.

या कल्पना कागदावरच राहिल्या नाहीत. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी मॉस्कोच्या रस्त्यावरून उचललेली लायका ही कुत्री दुसऱ्या स्पुटनिकमधून पृथ्वीभोवती फिरली. तिला परत आणण्याची सोय केलेलीच नव्हती. ती काही तासांतच उष्णतेने मेली होती, हे २००२ साली उघड झाले. १८ ऑक्टोबर १९६३ रोजी फ्रेंचांनी फेलिसेट नावाची मांजर अवकाशात पाठविली. ती जिवंत परतली, आणि नंतर मेंदूच्या तपासणीसाठी मारली गेली. व्हर्न आणि वेल्स यांची पाने या दोन नावांच्या शेजारी ठेवून वाचली म्हणजे त्यांतील अक्षर न् अक्षर वेगळे वाटू लागते.

बोलका केलेला कुत्रा

प्राण्याला मुका ठेवून वापरणे सोपे आहे. त्याला वाचा आणि बुद्धी दिली तर? रशियन लेखक मिखाइल बुल्गाकोव याने १९२५ मध्ये लिहिलेल्या कादंबरीत एक नामांकित प्राध्यापक शारिक नावाच्या भटक्या कुत्र्यावर मृत माणसाच्या ग्रंथींचे रोपण करतो. कुत्र्याचा माणूस होतो, पण तो ज्या गुंडाच्या ग्रंथी वापरल्या त्याच्याच वळणाचा. मॉस्कोतील भटकी मांजरे पकडण्याच्या खात्यात त्याला अधिकाराची जागाही मिळते! सोव्हिएत देशात ही कादंबरी छापली जाण्यास १९८७ साल उजाडले, यात नवल नाही.

बुल्गाकोवने याचा उपहास केला. स्टेपल्डनने त्याच कल्पनेची शोकांतिका केली. त्याची 'सिरियस' ही १९४४ सालची कादंबरी या सर्व पुस्तकांत मला अधिक थोर वाटते. टॉमस ट्रेलोन हा शरीरशास्त्रज्ञ मेंढपाळीच्या कुत्र्यांची बुद्धी वाढविण्याचे प्रयोग करता करता माणसाच्या तोडीचे मन असलेला एक कुत्रा जन्माला घालतो. वेल्समधील डोंगराळ भागात ट्रेलोनची मुलगी प्लॅक्सी आणि हे पिल्लू भावंडांसारखी वाढतात.

स्टेपल्डनचे मोठेपण असे की, त्याने सिरियसला माणूस होऊ दिले नाही. त्याला रंग नीट कळत नाहीत, दूरचे स्पष्ट दिसत नाही. उलट वासांचे आणि स्वरांचे त्याचे जग माणसाहून कितीतरी श्रीमंत आहे. माणसाची भाषा मुख्यतः डोळ्यांनी घडविलेली. तीत वासांना शब्द थोडे. मग त्याने आपले जग सांगावे कोणत्या भाषेत? सर्वांत मोठे दुःख हातांचे. मन शोध घेऊ पाहते, पण वस्तू धरावयास बोटे नाहीत. लिहिण्यासाठी पंजाला लेखणी अडकवून घ्यावी लागते. दिवसा तो एका शेतकऱ्याच्या मेंढ्या राखतो. त्या शेतकऱ्याहून तो अधिक जाणतो, पण ते उघड करण्याची सोय नाही. आणि मधूनच त्याच्यातला लांडगा जागा होतो. भोवतालच्या लोकांत कुजबूज सुरू होते, भीतीचा द्वेष होतो, आणि अखेर त्याची शिकार होते.

लोरेन्झ वाचून मग 'सिरियस' वाचावी, म्हणजे स्टेपल्डनने आपली कल्पना किती खऱ्या पायावर उभारली आहे हे ध्यानात येते. आणि 'सिरियस' वाचून पुन्हा एखादे साधे श्वानचरित्र हाती घ्यावे, म्हणजे त्यातला एक अनुच्चारित प्रश्न ऐकू येतो: ज्याला आपण आपल्यासाठी घडविले, त्याला या जगात स्वतःची जागा कोणती?

कुत्रा समीक्षक होतो

या प्रश्नाची बाजू उलटविण्याचे काम क्लिफर्ड सिमॅक या अमेरिकन लेखकाने केले. त्याचे 'सिटी' हे पुस्तक १९५२ साली निघाले. त्यात आठ दंतकथा आहेत. त्या सांगतात कुत्री, शेकोटीभोवती, आपल्या पिल्लांना. माणूस केव्हाच नाहीसा झालेला आहे. प्रत्येक कथेच्या आरंभी श्वानपंडितांची टिपणे आहेत, आणि माणूस नावाचा प्राणी खरोखर होऊन गेला की ती केवळ पुराणकल्पना, यावर त्यांचा गंभीर वाद चालतो. आम्हां साहित्याच्या विद्यार्थ्यांना तर ही टिपणे वाचताना हसू आवरत नाही. पाठभेद आणि प्रक्षेप यांच्या चर्चेत विद्वानांची जी गत होते, तीच त्या कुत्र्यांचीही झालेली आहे.

परंतु पुस्तकाचे मर्म शेवटाकडे आहे. वेब्स्टर घराण्यातल्या एका माणसाने कुत्र्यांना वाचा दिली. यंत्रमानव त्यांचे हात झाले. कुत्र्यांनी असे जग उभारले की, ज्यात कोणी कोणास मारीत नाही. पुढे मुंग्या सारी पृथ्वी व्यापू लागतात. जेंकिन्स हा म्हातारा यंत्रमानव उपाय विचारण्यास दीर्घनिद्रेतल्या अखेरच्या वेब्स्टरकडे जातो. त्याचे उत्तर माणसाच्या स्वभावाला धरूनच असते: गोडात विष कालवा. जेंकिन्स परत येतो, आणि ते उत्तर कुत्र्यांना सांगत नाही. जग हातचे गेले तरी चालेल, पण मारण्याची विद्या या शिष्यांना पुन्हा द्यावयाची नाही! पाळणाऱ्यापेक्षा पाळलेला पुढे गेला, असे येथे एका शब्दाचाही गवगवा न करता घडते.

मांजर मात्र मांजरच

या वाचनात एक मौजेची गोष्ट ध्यानात येते. विज्ञानकादंबरीकार कुत्र्याला सुधारल्याशिवाय राहत नाही, पण मांजराला सहसा हात लावीत नाही. रॉबर्ट हाइनलाइनच्या १९५७ च्या कादंबरीतला पीट हा बोका हिवाळ्यात घराचे एकेक दार उघडावयास लावतो. कुठल्यातरी दाराबाहेर उन्हाळा असणारच, अशी त्याची खात्री. कादंबरीचे नाव या सवयीवरूनच आलेले आहे. नायक दीर्घनिद्रा आणि कालप्रवास करून येतो, पण बोका मात्र आहे तसाच. कॉर्डवेनर स्मिथच्या १९५५ च्या एका कथेत मांजरे अवकाशात माणसांबरोबर लढतात, पण ती मांजराच्याच चपळाईने. शत्रू त्यांना उंदीर वाटतो, एवढेच.

याचे कारण पुन्हा पहिल्या कप्प्यात सापडते. कुत्रा माणसाबरोबर निदान चौदा-पंधरा हजार वर्षे आहे. राखण, शिकार, गुरे-मेंढ्या वळणे अशा कामांसाठी माणसाने त्याच्या जातीच्या जाती घडविल्या. मांजर धान्याच्या कोठारापाशी उंदरांच्या लोभाने आपल्या पायांनी आले आणि राहिले. सायप्रस बेटावर माणसाशेजारी पुरलेल्या मांजराचा सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीचा सांगाडा सापडला आहे. तरीही मांजर अजून पाहुण्यासारखेच वागते. आपण ज्याला घडविले त्याच्याविषयीच आपल्याला अपराधी वाटते. कुत्र्याच्या कादंबऱ्या शोकान्त आणि मांजराच्या बहुधा सुखान्त का होतात, याचे उत्तर येथे असावे.

एकाच लेखकाचे दोन कप्पे

हे दोन कप्पे मुळात एक आहेत याचा सर्वांत चांगला पुरावा म्हणजे कारेल चापेक हा झेक लेखक. 'रोबो' हा शब्द जगाला त्याच्या १९२० च्या नाटकाने दिला. शब्द सुचविला तो मात्र त्याच्या भावाने, चित्रकार योसेफने. याच चापेकने १९३३ साली 'दाशेंका' नावाच्या टेरियर जातीच्या पिल्लाचे चरित्र लिहिले. चित्रे आणि छायाचित्रेही स्वतःच काढली. पिल्लू छायाचित्रासाठी स्थिर बसावे म्हणून त्याला सांगितलेल्या गोष्टी त्यात आहेत. अडखळत टाकलेले पहिले पाऊल, चावून चावून फाडलेल्या वस्तू असे सारे आनंदाने सांगितल्यावर शेवटी पिल्लू दुसऱ्यांना दिले जाते, आणि घर ओके होते.

त्यानंतर तीनच वर्षांनी, १९३६ मध्ये, त्याची पाणसरड्यांशी युद्धाची कादंबरी आली. सुमात्राजवळच्या एका बेटापाशी एका बोटीच्या कप्तानाला बुद्धिमान पाणसरडे भेटतात. म्हाताऱ्या कप्तानाला त्यांची माया वाटते. शार्क माशांपासून बचाव व्हावा म्हणून तो त्यांना सुऱ्या देतो, आणि मोबदल्यात ते मोती काढून देतात. माया आणि व्यापार यांची गाठ अशी पहिल्याच भेटीत पडते. कप्तान मरतो, माया संपते, व्यापार तेवढा उरतो. कंपनी निघते, पाणसरड्यांचे प्रतवारीने भाव ठरतात, शास्त्रज्ञ त्यांच्यावर प्रयोग करतात, आणि राष्ट्रे त्यांना शस्त्रे पुरवितात. अखेर ते राहावयास किनारा मागू लागतात, आणि खंडे बुडू लागतात.

पिल्लाच्या पाठीमागे हातात कॅमेरा घेऊन रांगणारा आणि ही भयंकर कादंबरी लिहिणारा माणूस एकच. किंबहुना, ज्याने पिल्लू इतके जवळून पाहिले त्यालाच जिवंत प्राण्याची प्रतवारी करून भाव ठरविणे किती अमानुष आहे हे इतके नेमके दाखविता आले. चापेक डिसेंबर १९३८ मध्ये वारला. पुढच्या मार्चमध्ये नाझी प्रागमध्ये शिरले. योसेफचा अंत १९४५ मध्ये बेर्गेन-बेल्झेनच्या छळछावणीत झाला. माणसांची प्रतवारी लावणारी सत्ता कोठवर जाते, हे कादंबरीनंतर दहा वर्षांच्या आत जगाने पाहिले.

दुसरे उदाहरण डोरिस लेसिंग यांचे. २००७ च्या नोबेलच्या या मानकऱ्यांनी १९६७ साली मांजरांविषयी एक पुस्तक लिहिले. त्यात ऱ्होडेशियातील बालपणीच्या शेतावर वाढलेली मांजरे मारावी लागल्याचा प्रसंग आहे, आणि तो त्यांनी जराही गोड करून सांगितलेला नाही. १९७९ ते १९८३ या काळात त्यांनी पाच अवकाश-कादंबऱ्या लिहिल्या. त्यांत दूरच्या ताऱ्यांवरची साम्राज्ये पृथ्वीचा सांभाळ करतात, तिला वळण लावू पाहतात, आणि चुका करतात. तेथे मांजराच्या जागी आपण आहोत!

वाचावे कसे?

यावर कोणी म्हणेल, पोटाची भ्रांत असलेल्या देशात कुत्र्यामांजरांचे हे कौतुक कशाला? आक्षेप रास्त आहे. परंतु वर सांगितलेल्या पुस्तकांत कौतुक थोडे आणि हिशेब अधिक आहे. जो दुबळा आहे, जो बोलू शकत नाही, ज्याच्यावर आपला पूर्ण अधिकार चालतो, त्याच्याशी आपण कसे वागतो, हा तो हिशेब. तो केवळ प्राण्यांपुरता नाही, हे चापेकने दाखविलेच आहे. शिवाय आता बोलणारी यंत्रे आपल्या हाती आली आहेत. जे बोलते त्याला मन आहे असे झटकन मानणे, आणि जे बोलत नाही त्याला मन नाही असे तितक्याच झटकन मानणे, या दोन्ही खोडी मोडावयास हे वाचन उपयोगी पडेल.

वाचन जोडीजोडीने करावे. लोरेन्झबरोबर 'सिरियस', 'दाशेंका'बरोबर पाणसरडे, लेसिंगच्या मांजरांबरोबर त्यांच्याच अवकाश-कादंबऱ्या. मराठीतही अशी जोडी लावता येते. जयंत नारळीकरांच्या 'प्रेषित' मध्ये परग्रहावरून आलेले मूल माणसांत वाढते. ती 'सिरियस'शेजारी ठेवून पाहावी. आणि फार गंभीर होऊ लागलो तर पु. ल. देशपांड्यांचे 'पाळीव प्राणी' जवळ असू द्यावे. प्राण्याचे निरीक्षण सर्वच करतात, पु. लं.नी मालकाचे केले आहे.

या सर्व पुस्तकांच्या फार आधीची एक कथा आपल्याकडे आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिरामागून एक कुत्रा शेवटपर्यंत चालत राहिला, आणि त्याला टाकून स्वर्गात येण्यास युधिष्ठिराने नकार दिला. तो कुत्रा प्रत्यक्ष धर्म होता, असे कथा पुढे सांगते. पण हट्ट धरला तेव्हा युधिष्ठिराला हे ठाऊक नव्हते. त्याच्या दृष्टीने तो वाटेत सोबत आलेला, आश्रयाला असलेला एक कुत्रा होता, आणि तेवढे कारण त्याला पुरेसे वाटले.